प्रतीक्षा यादीतील सुवर्णपदक

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत एका सुवर्णपदकाची हकीकत सांगावी, असे आम्हांस वाटले. पदक अमेरिकेचे आहे आणि ते मिळविणाऱ्या बिल नीडरचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. म्हणूनच ती सांगावयाची.

नीडरचा जन्म १९३३ सालचा. तो कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावी वाढला आणि तेथल्याच विद्यापीठात फुटबॉल व गोळाफेक हे दोन्ही खेळ खेळू लागला. अमेरिकन फुटबॉल म्हणजे कलकत्त्याच्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू पायापेक्षा हातातच अधिक असतो आणि प्रतिस्पर्ध्यावर धडकून त्याला लोळविणे हे रीतसर कौशल्य मानतात. विद्यापीठाच्या मुख्य संघातर्फे खेळताना पहिल्याच सामन्यात नीडरचा गुडघा जायबंदी झाला आणि फुटबॉल तेथेच संपला.

उरली गोळाफेक. पाहणाऱ्यास हा खेळ दंडाचा वाटतो. खरे बळ मात्र पायांतून यावे लागते. सात फूट व्यासाच्या वर्तुळात सोळा पौंडांचा गोळा मानेशी धरून क्षणार्धात सारा देह पुढे लोटावयाचा, आणि तोही वर्तुळाबाहेर पाऊल न टाकता. दुखावलेला गुडघा घेऊन हे करणे सोपे नव्हे. शिवाय समोर पॅरी ओब्रायन होता. फेकीच्या दिशेला पाठ करून उभे राहण्याची नवी पद्धत रूढ करणाऱ्या या खेळाडूने १९५२ व १९५६ या दोन्ही ऑलिंपिकांत सुवर्णपदक पटकावले. १९५६ साली मेलबर्न येथे नीडर १८.१८ मीटर फेक करून दुसरा आला. त्याच वर्षी साठ फुटांपलीकडे गोळा फेकणारा पहिला विद्यापीठीय खेळाडू म्हणून त्याचे नाव झाले होते.

पुढे तो सैन्यात अधिकारी झाला. १९६० च्या वसंत ऋतूत त्याने जागतिक विक्रम मोडले, एप्रिलमध्ये तर १९.९९ मीटरपर्यंत मजल मारली. आणि जुलैमध्ये निवड चाचणीत हा विक्रमवीर चौथा आला! गुडघ्याने पुन्हा दगा दिला होता. संघात जागा तीन, नियम स्पष्ट. आम्हां सरकारी नोकरांना ‘प्रतीक्षा यादी’ या शब्दांतील यातना निराळ्या समजावून सांगावयास नकोत. नियम चुकीचा होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गतविक्रमांकडे पाहून माणसे निवडू लागले, की चाचणीला अर्थ उरत नाही.

१२ ऑगस्ट रोजी कॅलिफोर्नियात नीडरने २०.०६ मीटर फेक केली. वीस मीटरांची सीमा ओलांडणारा तो पहिला मनुष्य. निवड झालेल्यांपैकी डेव्ह डेव्हिसचे मनगट दुखावले होते. त्याच्या जागी नीडरला रोमला धाडण्यात आले. डेव्हिसला काय वाटले असेल, याचा विचार अशा हकीकती सांगणारे सहसा करीत नाहीत.

रोममध्ये ओब्रायन १९.११ मीटरवर आघाडीस होता. पाचव्या फेरीत नीडरचा गोळा १९.६८ मीटरवर पडला. ओब्रायन दुसरा, डॅलस लाँग तिसरा. तिन्ही पदके अमेरिकेची. त्याच रोममध्ये काही दिवसांनी आपला मिल्खासिंग ४०० मीटर शर्यतीत चौथा आला. त्या क्रमांकापुढे कसलीच प्रतीक्षा यादी नव्हती.

त्यानंतर नीडरने मुष्टियुद्धाचा व्यवसाय करून पाहिला. १९६१ मधील पहिल्याच लढतीत, पहिल्याच फेरीत तो कोसळला आणि ते प्रकरण मिटले. पुढे थ्री-एम कंपनीत त्याने कृत्रिम धावपट्ट्यांच्या प्रसाराचे काम केले. १९६८ साली मेक्सिकोत ऑलिंपिकच्या शर्यती प्रथमच अशा पट्टीवर झाल्या. १९८२ च्या आशियाई खेळांत दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवरही कृत्रिम धावपट्टीच होती. गोळाफेकीला तिचा काडीइतका उपयोग नाही, ही गंमत वेगळी. नंतर त्याने मनोरुग्णांच्या खोल्यांच्या भिंतींना लावावयाची रबरी आच्छादने बनविण्याचा धंदा केला. कुणाचे डोके फुटू नये, एवढ्यासाठी. २०२२ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला.