खेळातला रविवार

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी यंदा आम्हाला विषय विचारला. आम्ही 'संगणकावरचे खेळ' असे सांगताच त्यांना आमची प्रकृती बरी नसावी असे वाटले. ज्यांची उमर गेटसभा घेण्यात गेली, त्यांनी पोराटोरांच्या खेळांवर काय बोलावे? परंतु सुट्टीचा इतिहास हा आमच्या मते कामगार चळवळीचा निम्मा इतिहास आहे, आणि त्यातले एक प्रकरण या खेळांतही सापडते. शाळा आमची सातवीतच सुटली, तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये.

आमचे लक्ष तिकडे वेधले ते एका मुलीने. ती एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते. रजा नाकारल्याची तक्रार घेऊन ती आमच्या कचेरीत आली आणि आपला नंबर येईपर्यंत मोबाइलवर शेताला पाणी घालीत बसली. बारा तास राबून आलेले माणूस विरंगुळा म्हणून पुन्हा राबते, हे पाहून आम्ही प्रथम चिडलो. मग शेजारी जाऊन बसलो.

या खेळांत शत्रूला लोळवणे हे मुख्य नसते. उठावे, कामाला लागावे, चार पैसे मिळवावेत, दमावे आणि निजावे, एवढाच संसार. शेतीच्या खेळांची ही परंपरा सुरू झाली जपानात, 9 ऑगस्ट 1996 रोजी आलेल्या 'बोकुजो मोनोगातारी' या खेळाने. बाहेरच्या जगात त्याला 'हार्वेस्ट मून' म्हणतात. त्याचा कर्ता यासुहिरो वादा हा मियाझाकीकडच्या खेड्यापाड्यांतला. तोक्यो शहरात नोकरी करताना त्याला गावाकडचे जिणे आठवू लागले. त्याच्या खेळात संध्याकाळी 6 वाजता घड्याळ थांबते. हेतू चांगलाच असावा. पण खेळणाऱ्यांनी काय केले? त्या न संपणाऱ्या रात्रीत ते दगड फोडीत आणि झाडांचे बुंधे तोडीत राहिले. घड्याळ थांबले म्हणून काम थांबत नाही, हे आमच्या मुकादमांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

अमेरिकेत 4 फेब्रुवारी 2000 रोजी 'द सिम्स' आला. 1991 साली ओकलंडच्या वणव्यात ज्याचे घर जळाले, त्या विल राइटने तो रचला. त्यातल्या बाहुल्यांना आठ गरजा असतात: भूक, झोप, करमणूक, माणसांचा सहवास वगैरे. आठही मोजून पट्ट्यांवर दाखविलेल्या. कामगाराला लघवीलाही जावे लागते, हे मान्य करणारा मालक आम्हाला तरी प्रथम येथेच भेटला! पण या खेळात वार नाहीत. म्हणून रविवारही नाही. नोकरीवर रोज जायचे. लागोपाठ दोन दिवस खाडा झाला की नाव कमी.

आमच्या गिरण्यांत हेच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली साप्ताहिक सुट्टी मागितली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10,000 कामगार जमले, त्यांत दोन स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. सहा वर्षे लागली. 'सिम्स'मधल्या बाहुल्यांना चार वर्षांहून थोडी अधिक लागली. सप्टेंबर 2004 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात आठवडा आला, सुट्टीचे दिवस आले, रजा साठविण्याची सोयही आली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, हे खेळ विकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीतल्या एका कामगाराच्या सहचरीने निनावी पत्र प्रसिद्ध केले: माझ्या माणसाला आठवड्याचे सातही दिवस सकाळी 9 ते रात्री 10 राबवून घेतात. तेथील चित्रकारांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला होता. 2005 साली कंपनीने 1 कोटी 56 लाख डॉलर देऊन तो मिटविला. बाहुल्यांना रविवार मिळाला होता, तो करणाऱ्यांना भांडून निदान पैसे मिळाले.

ती मुलगी खेळते तो 'स्टारड्यू व्हॅली', 26 फेब्रुवारी 2016 चा. सिअ‍ॅटलच्या एरिक बॅरोनने तो एकट्याने साडेचार वर्षे खपून केला. 2024 अखेर 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या. आरंभीच जोजा नावाच्या कंपनीची कचेरी दिसते. भिंतीवर 'काम' आणि 'विश्रांती' अशा दोन पाट्या, प्रकाश कामाच्या पाटीवर. एका मेजामागे तर नुसता सांगाडा बसलेला आहे. नायक आजोबांचे जुने पत्र उघडतो, नोकरी सोडतो आणि त्यांच्या शेतावर येतो. तेथे ताकदीची पट्टी आहे, आरंभी 270 ची. रात्री 2 पर्यंत अंथरुणावर गेला नाही तर जागीच कोसळतो आणि खिशातले पैसेही थोडे जातात. पाऊस पडला की पाणी घालावे लागत नाही. तीच काय ती सुट्टी. त्याच गावात शेन नावाचा तरुण आहे. जोजाच्या दुकानात फळ्या भरतो, संध्याकाळी पितो. त्याला कोणी शेत ठेवलेले नाही.

आम्ही विचारले, "या गावात कोणी संप करीत नाही काय?"

"काका, ज्याला सोसत नाही तो सोडून येतो."

सोडून यायला आजोबांची जमीन लागते. 1982 च्या संपात ज्यांची गावी जमीन होती ते कोकणात, साताऱ्याकडे जाऊन तग धरून राहिले. आमच्या वडिलांना गावी तुकडाही नव्हता. ते नाक्यावर भाजी विकू लागले. आम्ही हे तिला सांगितले नाही. तिच्याही घरी जमीन नसावी.

त्या गावातला पिएर नावाचा दुकानदार दर बुधवारी दुकान बंद ठेवतो. आम्हाला तो माणूस फार आवडला. पण गावाचे मोडके समाजमंदिर खेळाडूने पुन्हा उभे केले, जोजाचे दुकान उठले, की पिएर बुधवारीही दुकान उघडतो. गाव जिंकले आणि पिएरची साप्ताहिक सुट्टी गेली! तिचे समाजमंदिर केव्हाच पुरे झाले होते. बुधवार परत आणता येईल काय, असे आम्ही विचारले. ती थोडा वेळ शोधीत राहिली, मग तशी सोय नाही म्हणाली.

तेवढ्यात तिचा नंबर लागला. रजेचा अर्ज आम्ही नव्याने लिहून दिला आणि त्यावर तिच्या पाळीतल्या आणखी चौघींच्या सह्या आणायला सांगितल्या. आतापर्यंत तीन आल्या आहेत.