नोकरी लागली, बढतीचे काय? नांदेड-लातूरच्या भगिनींसाठी नियम, अडथळे आणि दाद मागण्याचे मार्ग

आपल्या वस्तीतली एखादी मुलगी तलाठी, परिचारिका किंवा शिक्षिका म्हणून लागली की पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. ते योग्यच आहे. पण पंधरा वर्षांनंतरही ती त्याच पदावर का, हे सहसा कोणी विचारत नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जातींची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या जवळपास पाचवा हिस्सा आहे. मोठे उद्योग कमी असल्याने शिकलेल्या मुलींची भिस्त सरकारी, निमसरकारी आणि अनुदानित संस्थांवर असते. म्हणून या नोकऱ्यांचे नियम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजेत.

मूळ मुद्दा असा की आत जाण्याचे दार आणि वर जाण्याचा जिना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार कायद्याने उघडले. जिन्यावर मात्र स्त्रीसाठी वेगळी तरतूद नाही. आणि आपल्या पुष्कळ भगिनी जिथे काम करतात तिथे जिनाच बांधलेला नाही.

पाया बाबासाहेबांनी घातला

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाचा भार एकट्या कामगार स्त्रीवर टाकता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा आणि समान वेतनाचा प्रश्न हाताळला. पुढे संविधानात हीच भूमिका आली. अनुच्छेद १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देतो, अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत समान संधी देतो, ३९(घ) समान कामाला समान वेतन सांगतो आणि ४२ प्रसूती साहाय्याची तरतूद करायला सांगतो.

भरती : ३० टक्के समांतर आरक्षण

महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण १९९४ साली आले. राज्याच्या सरळसेवा भरतीत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे अनुसूचित जातींच्या १३ टक्के जागांपैकी ३० टक्के जागा त्याच प्रवर्गातील स्त्रियांसाठी, आणि खुल्या जागांपैकी ३० टक्के स्त्रियांसाठी.

वाद इथेच झाला. राज्याच्या २०१४ च्या परिपत्रकाचा आधार घेऊन खुल्या महिला जागांवर मागासवर्गीय स्त्रियांचा विचार होत नव्हता. गुण जास्त असले तरी तिने आपल्याच रांगेत उभे राहायचे, असा त्याचा अर्थ होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी सौरव यादव प्रकरणात हा विचार चुकीचा ठरवला आणि मुंबई उच्च न्यायालयाने आधी घेतलेली भूमिका बरोबर मानली. खुली जागा सर्वांसाठी खुली असते. गुणवत्तेवर बसणारी अनुसूचित जातीची स्त्री खुल्या महिला जागेवर निवडली जाऊ शकते. वयाची सवलत घेतली असल्यास नियम बदलू शकतो, म्हणून जाहिरात नीट वाचावी. निवड यादी लागली की खुल्या महिला गटातील शेवटच्या उमेदवाराचे गुण आधी पाहावेत.

दाखला माहेरचा लागतो

बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. त्यामुळे विवाहित स्त्रीला वडिलांकडच्या नातेवाइकांचे, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे व जातीचे पुरावे लागतात. लग्नानंतर नाव बदलले, वडील वारले, भाऊ कागद देत नाहीत, आणि निवड होऊनही वैधता प्रमाणपत्र अडते. उपाय सोपा आहे. मुलगी बारावीत असतानाच जातीचा दाखला आणि वैधता दोन्ही काढून ठेवा. विवाह नोंदणी करा, नाव बदलले तर राजपत्रातील नोंद जपून ठेवा.

बढती : खरी अडचण

स्त्रियांचे ३० टक्के आरक्षण सरळसेवेपुरते आहे, पदोन्नतीत ते नाही. मागासवर्गीयांसाठी २००१ च्या राज्य आरक्षण कायद्याने पदोन्नतीत जागा ठेवल्या होत्या, सर्व गट मिळून ३३ टक्के. त्यासंबंधीचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची सर्व रिक्त पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने जर्नैल सिंग प्रकरणात स्पष्ट केले की पदोन्नतीत आरक्षण द्यायचे तर राज्याने संवर्गनिहाय आकडेवारी गोळा केली पाहिजे. म्हणजे आकडेवारीची मागणी हीच आपली पहिली मागणी असायला हवी.

तोवर सगळे सेवाज्येष्ठतेवर अवलंबून आहे. उशिरा नोकरीत आलेली, बाळंतपणात विभागीय परीक्षा हुकलेली स्त्री या यादीत मागे राहते. बढतीबरोबर बदली येते. लातूरहून किंवा नांदेडहून शंभर किलोमीटरहून दूरच्या किनवट-माहूरला लेकरू घेऊन जायचे कसे, असे म्हणत ती बढती नाकारते. कागदावर ती स्वेच्छा असते. घरात जबाबदारीची वाटणी झाली असती तर नकाराची वेळ आली असती का, हे नवऱ्यांनी आणि सासू-सासऱ्यांनीही स्वतःला विचारावे.

आणखी एक अडथळा कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही. कुमुद पावडे संस्कृतमध्ये एम.ए. झाल्या, तरी त्यांना नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि नोकरी मिळाली. ती पावडे या नावाला मिळाली, सोमकुंवर या नावाला नाही, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. 'अंतःस्फोट' हे त्यांचे पुस्तक १९८१ चे. खासगी संस्थांच्या शिक्षक भरतीत मुलाखतीचा मार्ग आजही आहे. जिथे मुलाखत आहे, तिथे आडनाव आणि 'लग्न कधी करणार' हे प्रश्न टपून असतात.

जिथे जिनाच नाही

अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा, कंत्राटी परिचारिका आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिका. काम कायम स्वरूपाचे, नेमणूक तात्पुरती. सेट-नेट, पीएच.डी. झालेली मुलगी महाविद्यालयात वर्षानुवर्षे तासांवर शिकवते. तिला सेवाज्येष्ठता लागू नाही, सुट्टीतल्या महिन्यांचा पगार नाही. आशाताईला वर जायचे तर गटप्रवर्तक व्हावे लागते, आणि ते पदही कंत्राटीच. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी कर्मचारी बेमुदत संपावर गेल्या, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. मागणी मानधनवाढीपुरती नव्हती, कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी अशीही होती.

तरीही काही हक्क मिळाले आहेत:

- सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचे सांगितले.
- केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुख्यसेविकांची निम्मी पदे पात्र, अनुभवी सेविकांमधून भरायची आहेत.
- पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे. कंत्राट मध्येच संपले तरी हा लाभ संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात दिला.

छळ झाला तर

२०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती हवी. ती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घरकाम करणाऱ्या आणि असंघटित भगिनींसाठीही हीच समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. छळाला जातीचे अंग असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा नोंदवता येतो.

कार्यकर्त्यांनी करायची कामे

१. आपल्या तालुक्यातील एक कार्यालय निवडा. माहिती अधिकारात बिंदुनामावली, सेवाज्येष्ठता यादी आणि मागील पाच वर्षांतील पदोन्नत्या मागा. स्त्री-पुरुष व प्रवर्ग असे दोन्ही तपशील मागा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

२. बिंदुनामावलीत गडबड दिसली तर विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडे लेखी तक्रार करा.

३. सेवाज्येष्ठतेची तात्पुरती यादी निघाली की मुदतीत हरकत नोंदवा. अंतिम झाल्यावर दुरुस्ती अवघड जाते.

४. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना मॅटच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) खंडपीठात साधारण एका वर्षाच्या आत जावे लागते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे, आधी वकिलांना विचारा.

५. विहारात महिन्यातून एक रविवार विभागीय परीक्षेच्या अभ्यासासाठी ठेवा. त्या वेळेत लेकरांना सांभाळायची जबाबदारी तरुणांनी घ्यावी.

आपल्या कर्मचारी संघटनांच्या कार्यकारिणीत किती स्त्रिया आहेत, तेही मोजून पाहा. जे साहेबांकडे मागायचे, ते आधी आपल्या संघटनेत दिसले पाहिजे.

जय भीम!