शाळेचे वय कशावरून मोजायचे?

महाराष्ट्रातल्या जुन्या बाजारपेठेच्या गावांत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेच्या दर्शनी भिंतीवर स्थापनेचे साल रंगवलेले असते. शतकोत्तर सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या अशा शाळांपैकी पुष्कळांचे साल १८५० ते १८८० च्या दरम्यान पडते. गावाला त्या आकड्याचा अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. पण हे साल म्हणजे सरकारी दप्तरात शाळेचे नाव चढल्याचे साल. त्याआधी गावात शिकणे नव्हते असे नाही, आणि त्यानंतर लगेच ती साऱ्या गावाची शाळा झाली असेही नाही. गावची शाळा खरोखर गावाची कधी झाली, हे भिंतीवरच्या सालावरून कळत नाही. ते मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या दाखल-खारीज रजिस्टरावरून कळते, आणि शाळेचे वय त्यावरूनच मोजावे.

आधी काय होते? पंतोजींची गावठी शाळा होती. देवळात, कुणाच्या ओसरीवर किंवा पडवीत ती भरे. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, मग मोडीचे वळण, हिशेब, आणि दिवेलागणीला पाढ्यांचा परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असलेला मुलगा दुकानात किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरात लगेच उपयोगी पडे. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत १८२४ पासून मुंबई इलाख्यातल्या शाळांची चौकशी झाली, तेव्हा सुमारे सतराशे शाळा आणि पस्तीस हजारांच्या आसपास मुले मोजली गेली. त्यांतल्या बहुतेक शाळा गावठीच होत्या. यावरून कुणी म्हणेल की शाळा आमच्याकडे होतीच, सरकारने फक्त पाटी लावली. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. पंतोजीचे पोट मुलांच्या पालकांनी दिलेल्या धान्यावर आणि पैशावर चाले, त्यामुळे ज्याला लिहिण्याची गरज त्याचाच मुलगा तिथे बसे. ब्राह्मण, वाणी, सोनार यांची मुले येत, कुणब्याची क्वचित. मुलींची आणि अस्पृश्यांची तर वाटच बंद होती. ही शाळा गावात होती, गावाची नव्हती.

मग १८५० नंतर इतक्या शाळा एकदम का निघाल्या? एकट्या सरकारच्या औदार्याने नव्हे. १८५२ मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशनने असे ठरवले की गावाने शाळेला जागा द्यावी, पुस्तके पुरवावीत आणि मास्तरांचा अर्धा पगार भरावा, उरलेला अर्धा बोर्ड देईल. १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते आले आणि पद्धत पुढे चालू राहिली. म्हणजे या शाळा वर्गणीच्या होत्या, आणि इथेच त्यांची मोठी गोम आहे. जो वर्गणी देतो तो कुणी आत यावे हेही सांगू पाहतो. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला आणि प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. दोन वर्षांनी सरकारने जाहीर केले की केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. पण जिथे स्थानिक लोक खर्चाचा वाटा उचलतात आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या प्रवेशाला हरकत घेतात, तिथे ती मुले घालण्याचा सरकारचा विचार नाही. जातीवरून शिकणे नाकारणाऱ्या शाळेची मदत थांबवण्याचा हक्क तेवढा सरकारने राखून ठेवला. गावाचा अर्धा पगार हाच दार लावून घेण्याचा अधिकार ठरला. ज्या वर्गणीचा उल्लेख शाळेच्या इतिहासात कौतुकाने होतो, तिची ही दुसरी बाजूही त्याच पानावर यायला हवी.

१८६३ पासून लोकल फंडाचा कर सुरू झाला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा, आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. आता मास्तरांचा पगार जमीन कसणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून जाऊ लागला, मग त्याचा मुलगा शाळेत असो वा नसो. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे नेमके यावर बोट ठेवले. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे उच्चशिक्षण पोसले जाते, असे सांगून त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा अशी मागणी केली. मास्तर शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, हेही त्यांनीच मांडले. त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नये असे कुणी म्हणेल, तर उत्तर इतकेच की ही फूटपट्टी त्या काळातच तयार झाली होती. धारवाडच्या मुलाने आणि फुल्यांनी ती हातात घेतली होती.

आता ते रजिस्टर उघडून पाहू. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत दाखल, केव्हा आणि का नाव कमी केले, असे रकाने. जुन्या पानांवर मोडी. मागची पाने चाळत पुढे आले की जातीच्या रकान्यात नवी नावे कधी शिरली, ती पहिल्या इयत्तेतच गळाली की चौथीपर्यंत टिकली, हे ओळीओळीने दिसते. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हापुन्हा येतो. घरात तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही, तेव्हा गुरुजींनी अंदाजाने ती घातली. अशा कुटुंबातले ते पहिलेच माणूस कागदावर आलेले असते, म्हणून खोटी असूनही ती तारीख खरे काही सांगते.

रजिस्टर सगळे सांगत नाही, ही हरकत मात्र मान्य करायला हवी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले. ती नोंद आजही दाखवतात. पण वर्गात वेगळे बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे, हे कुठल्याच रकान्यात नाही. ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून कळले. म्हणून नोंद हा पुरावा दाराच्या आत आल्याचा, बरोबरीने बसल्याचा नव्हे. तो दुसरा पल्ला गाठायला कायदे लागले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण जाहीर केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा वगैरे अस्पृश्यांना खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव झाला. अंमलबजावणी त्यानंतरही गावोगाव वेगवेगळ्या वेगाने झाली, आणि तो वेग त्या त्या गावाच्या रजिस्टरातच शोधावा लागतो.

आज हीच रजिस्टरे जात पडताळणीसाठी धुंडाळली जातात. जातीच्या प्रवर्गानुसार पडताळणीसाठी ठरलेल्या १९५०, १९६१, १९६७ या सालांच्या आधीची नोंद मिळाली की घरात समाधान असते. कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून मोडी वाचणाऱ्यांना जागोजागी बोलावले गेले. जी वही एकेकाळी दाराशी जात विचारत होती, ती आता हक्काचा पुरावा आहे. तरी ती बहुधा गंजक्या कपाटात, कडा फाटलेल्या अवस्थेत पडून असते, आणि पट कमी झाला म्हणून शाळा दुसरीत मिसळली की हलवाहलवीत तिचे काय होते हे कुणी विचारत नाही. महोत्सवाच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या छायाचित्रांना जागा असते. त्यातली चार पाने या रजिस्टराला द्यावीत: पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, पहिला कुणबी, पहिला महार, पहिला धनगर मुलगा केव्हा आला, आणि त्यांची नावे कोणत्या इयत्तेत कमी झाली.