सनदेची परीक्षा आणि केंद्राचं गेट

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात एखादं पोर एलएलबी करतंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझी भाची तासगाव तालुक्यातली. घराण्यात पहिली वकील. एलएलबी झाली, बार कौन्सिलकडे नाव नोंदलं आणि मग कळलं की ही सनद अजून कच्ची आहे. दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हायचं, तरच वकिली पुढं चालू ठेवता येणार. तिला केंद्र आलं पुण्यात. बहीण म्हणाली, "दादा, तू जा तिच्यासंगं." आदल्या दिवशी दुपारी कराडहून एसटी धरली, स्वारगेटला उतरलो, ओळखीच्या पोराच्या खोलीवर मुक्काम केला.

रविवारी केंद्राच्या गेटावर ही गर्दी. कोण लातूरचं, कोण सोलापूरचं. मोबाईल आत चालत नाही, बॅग चालत नाही आणि ठेवायला जागाही नाही. समोरचा झेरॉक्सवाला पन्नास रुपये घेऊन बॅगा सांभाळत होता. भाचीनं वर्षभर वापरलेली कायद्याची पुस्तकं आणली होती. गेटावरच्या माणसानं पानं चाळली. कडेला पेन्सिलीनं केलेल्या खुणा दिसल्या. "हे आत जाणार नाही, मॅडम." नियम खरा होता. कायद्याचं नुसतं पुस्तक चालतं, त्यात टिपणं चालत नाहीत. हॉल तिकिटाच्या सूचनांत तसं लिहिलंही होतं. तिच्या पुढच्या मुलाच्या हातात मात्र कोरी करकरीत पुस्तकं होती. त्याचे वडील वकील. त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. हिला सांगणारं घरात कोण होतं? मी पत्रकार असून मलाही माहीत नव्हतं.

ती मोकळ्या हातानं आत गेली. मी साडेतीन तास चहाच्या टपरीवर. तिथं बसून डोक्यात एकच विषय घोळत होता: आपल्याकडं सनद मिळवायला माणसाला कुठवर जावं लागलंय?

सनद हा शब्द आपल्याला नवा नाही. इनाम, वतन, सरंजाम सगळं सनदेवर चालायचं. विद्येची पारख करायची पद्धतही जुनीच. पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जायची. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात गावोगावचे शास्त्री-वैदिक जमायचे, विद्वानांची योग्यता पाहून दक्षिणा ठरायची. आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे त्याच काळात पेशव्यांचे न्यायाधीश होते. रामशास्त्र्यांबद्दल आदर आहेच. पण त्या दक्षिणेचं दार फक्त ब्राह्मणांसाठी उघडं होतं, हेही तितकंच खरं.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात 1827 च्या रेग्युलेशननं वकिलांना कोर्टाची सनद लागू झाली. सातारचं राज्य 1848 ला खालसा झालं आणि सातारकर मुंबईच्या कायद्याखाली आले. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं राहिली, ती 1948 पर्यंत. इलाख्यात हायकोर्टाच्या वकिलाची परीक्षा वेगळी, जिल्हा वकिलाची वेगळी. 1920 साली बॉम्बे प्लीडर्स ॲक्ट आला. पास झाला की माणूस गावात 'वकीलसाहेब' व्हायचा, आणि बाकीच्यांच्या जमिनीचे दावे त्याच्या ओसरीवर यायचे.

बायकांना तर गेटाबाहेरच ठेवलं होतं. कॉर्नेलिया सोराबजी यांचं उदाहरण घ्या. जन्म 1866 चा, नाशिकचा. बालपण बेळगाव आणि पुण्यात, शिक्षण डेक्कन कॉलेजात. पुढं ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. 1892 साली तिथली बीसीएलची परीक्षा आली, तर या बाईला पुरुषांबरोबर बसवायचं कसं, हाच प्रश्न! वेगळं बसवायचं घाटत होतं. परीक्षा अगदी तोंडावर आल्यावर विद्यापीठानं खास ठराव केला आणि त्यांना सगळ्यांबरोबर बसू दिलं. परीक्षा पास झाल्या, पण पदवी हातात पडायला 1922 उजाडलं, कारण ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला सुरुवातच 1920 ला केली. मधल्या काळात त्यांनी 1897 ला मुंबई विद्यापीठाची एलएलबी आणि 1899 ला अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी कोर्टात उभं राहायचा हक्क नाही! तो 1923 च्या कायद्यानं मिळाला. म्हणजे पेपर सगळे दिले, गेट मात्र तीस वर्षं बंद.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या काळात या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळं बसावं लागलं. पुढं 1922 साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. 1923 ला मुंबईत परतले, तर हायकोर्टाची सनद काढायला पैसे नव्हते. नवल भथेना या मित्रानं मदत केली, तेव्हा वकिली सुरू झाली. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या असलेला माणूस फीसाठी अडला होता!

स्वातंत्र्यानंतर 1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला आणि वकिलांच्या जुन्या पायऱ्या मोडून सगळ्यांची एकच रांग केली. पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची आणि परीक्षेची अट 1973 च्या दुरुस्तीनं काढली. जवळपास चार दशकं पदवीवर सनद मिळत होती. मग बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2010 मध्ये पुन्हा परीक्षा आणली. पहिली परीक्षा 6 मार्च 2011 ला झाली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 10 फेब्रुवारी 2023 च्या निकालात ही परीक्षा घ्यायचा बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला. फीबाबतही दिलासा मिळाला. नाव नोंदवताना राज्य बार कौन्सिलांनी कायद्यात ठरल्यापेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं 30 जुलै 2024 ला सांगितलं. सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. त्याआधी हजारोंत मागणी व्हायची.

म्हणजे जात गेली, बाई-पुरुष भेद गेला, फीही आटोक्यात आली. कायद्याच्या पुस्तकात तरी. राहिलं काय? अंतर आणि माहिती.

अंतराचं एक चांगलं झालं. चार दशकांहून जास्त लढा दिल्यावर 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा-सांगलीच्या पक्षकाराला आता मुंबई गाठायला नको. मग त्याच कोर्टात उद्या उभं राहणाऱ्या पोरांना परीक्षेसाठी आदल्या रात्री परगावी का झोपावं लागतं? प्रत्येक जिल्ह्याच्या गावी केंद्र द्या, ही मागणी आपल्या बार असोसिएशननी लावून धरायला काय हरकत आहे?

पण केंद्र नुसतं जवळ येऊनही भागत नाही. मे 2023 मध्ये नीटच्या वेळी सांगलीतल्याच एका केंद्रावर मुलींना कपडे उलटे घालायला लावल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. तपासणी करा, कॉपी रोखा, कुणाची ना नाही. पण आत जाणाऱ्याला आधी नीट सांगा, माणसासारखं वागवा.

आता कामाचं सांगतो. पेपर 100 प्रश्नांचा, पर्यायांचा, वेळ साडेतीन तास. मराठीतूनही देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न सोडू नका. पास व्हायला 45 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 40. पुस्तकं कोरी न्या, एक रेघही नको. भारतीय न्याय संहिता आणि तिच्याबरोबरचे नवे कायदे 1 जुलै 2024 पासून लागू आहेत, जुनी पुस्तकं उचलून नेऊ नका. हॉल तिकिटाच्या दोन प्रती आणि ओळखपत्र मूळ घ्या. मोबाईल, स्मार्टवॉच खोलीवरच ठेवा. शक्य असेल तर आदल्या दिवशी केंद्र बघून या, परीक्षेला तासभर आधी पोचा. आणि त्या वर्षीच्या सूचना ओळ न् ओळ वाचा, कारण नियम बदलतात. सुरुवातीच्या काही वर्षांत याच परीक्षेला पुस्तकं, टिपणं सगळं चालायचं.

भाची पास झाली. पुस्तकांशिवाय. निकालादिवशी फोनवर म्हणाली, "मामा, त्या खुणा केल्या म्हणूनच पाठ झालं होतं रे." आता तालुका कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली आहे. तिच्या कॉलेजातल्या पुढच्या पोरांना ती स्वतः फोन करून सांगते, काय न्यायचं, काय नाही.

तुमच्या गावात, नात्यात असं कुणी असेल तर त्याला हे नक्की सांगा. ज्याच्या घरात आधी कुणी वकील झालं नाही, त्याच्यापर्यंत हे आधी पोचायला हवं.