सोलापूरचा सरासरी पाऊस कुणाच्या शेतात पडतो?

मंडळी, पडद्यावर सोलापूर जिल्ह्याचा नकाशा लावला आहे. अकरा तालुके, क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ४३ लाख १७ हजार आणि काही. वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ५४५ मिलिमीटर. शाळेतल्या भूगोलापासून आपण हे वाचत आलो आहोत, आणि या आकड्यांत खोटं काही नाही. आज आपल्याला पाहायचं आहे ते एवढंच, की हा प्रत्येक आकडा कुठल्या रेषेच्या आत मोजला गेला, ती रेषा कुणी ओढली, आणि ती इकडची तिकडे झाली तर कुणाचं काय बिघडतं किंवा सुधारतं. सोलापुरात या प्रश्नावर माणसं जगली आणि मेली आहेत, म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात या बाहेरच्या रेषेपासूनच करू. ही आकृती आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की जणू भीमेसारखी ती आपोआप तयार झाली असं वाटतं. प्रत्यक्षात ती ठिगळं लावून शिवलेली आहे. १८३८ मध्ये सोलापूरचा जो उपजिल्हा झाला त्यात बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्याबरोबर इंडी, हिप्परगी आणि मुद्देबिहाळ हेही होते. म्हणजे आजच्या विजयपूर जिल्ह्याचा मुलूख. १८६४ ला तो उपजिल्हाच मोडला. १८७१ ला पुन्हा जिल्हा उभा केला, तेव्हा साताऱ्याकडून पंढरपूर आणि सांगोला आले. १८७५ ला माळशिरस आला. मंगळवेढा मात्र सांगली संस्थानात, आणि अक्कलकोट हे स्वतःच संस्थान. ती १९४८ च्या विलीनीकरणानंतर आत आली. म्हणून १८८४ चं सोलापूरचं गॅझेटियर उघडलं तर त्यातला जिल्हा सात तालुक्यांचा आणि साडेचार हजार चौरस मैलांचा, म्हणजे सुमारे ११,७०० चौरस किलोमीटरचा आहे. पुष्कळ लेखांत तेव्हाची आणि आताची लोकसंख्या शेजारी शेजारी ठेवून 'इतक्या पट वाढ' असं ठोकून दिलेलं असतं. अहो, पण जिल्हाच तो नाही!

आता त्या सात तालुक्यांतल्या माणसांकडे वळू. १८७२ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर आहे. १८८१ च्या जनगणनेत ती सहा लाखांच्याही आत येते. लाखाहून जास्त माणसं नऊ वर्षांत कमी झाली. हद्द आखडली म्हणून आकडा घटला असंही म्हणता येत नाही, कारण मध्यंतरी १८७५ ला उलट माळशिरस जोडला गेला होता. कारण एकच, १८७६ ते ७८ चा दुष्काळ. मुंबई इलाख्यातल्या सगळ्यात जास्त पोळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होतं.

पण इथे घाई करू नका. लाखाहून अधिक कमी झाले याचा अर्थ तितके मेले, असा लगेच काढता येत नाही. पुढची, १८९१ ची जनगणना पाहा. आकडा पुन्हा सात लाखांच्या पुढे गेलेला आहे. दहा वर्षांत लाखाहून अधिक माणसांची भर, आणि तीही दुष्काळाने खंगलेल्या मुलखात. त्या काळी बालमृत्यू किती होते हे लक्षात घेतलं तर नुसत्या जन्मांवर ही भरपाई होणं कठीण आहे. मग ही माणसं कुठून आली? परत आली. दुष्काळात सोलापूरची पुष्कळ कुटुंबं गुरंढोरं घेऊन निजामाच्या मुलखात जगायला गेली होती. आपल्याकडे 'जगायला जाणं' हा शब्दच आहे. जनगणनेच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. मेलेला माणूस आणि सीना ओलांडून पलीकडे गेलेला माणूस, दोघंही तक्त्यात सारखेच 'कमी' होतात. किती मेले आणि किती गेले, हे दोन जनगणनांच्या वजाबाकीतून कळत नाही. तिसरी जनगणना समोर ठेवली की निदान शंका तरी येते. आमच्या मते जुन्या आकडेवारीशी असंच वागावं: एका आकड्यावर कधी विसंबू नये, त्याच्या पुढचा-मागचा आकडा मागावा.

त्या दुष्काळात आकड्यांवरून भांडणही झालं, ते सांगायलाच हवं. सरकारकडे कलेक्टरांचे अहवाल येत होते. दुसरीकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, दुष्काळी जिल्ह्यांतून स्वतःची माहिती मागवायला सुरुवात केली. कुठे किती पीक आलं, कामावर किती लोक आहेत, धारण काय आहे, असं सगळं लिहून सभा ते सरकारला पाठवत राहिली. दुष्काळी कामावरची मजुरी रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने खाली आणली गेली, तेव्हा एका माणसाला दिवसाला किती धान्य पुरतं यावर वाद पेटला. विचार करा, पोटाला किती लागतं हा प्रश्न पौंडांत मोजला जात होता आणि दोन्ही बाजू कागद घेऊन उभ्या होत्या. रयतेच्या बाजूने आकडे गोळा करण्याची ही आपल्याकडची फार जुनी पायवाट आहे. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव त्या दुष्काळी कामांतला. नकाशावर तो नुसता निळा ठिपका दिसतो.

या सगळ्याच्या आधी, १८३५-३६ च्या सुमारास, शेजारच्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची मोजणी सुरू केली, आणि मग ती आपल्याकडे आली. जमिनीची प्रत आण्यांत लावायची. काळी खोल जमीन वरच्या आण्यांची, मुरमाड माळ खालच्या आण्यांचा. सातबारा आणि गावनकाशा यांचं मूळ त्या मोजणीपर्यंत जातं. काम मोठं चोख होतं, यात वाद नाही. पण सोलापुरात जमिनीची प्रत हे अर्धंच उत्तर. काळी जमीन तीच राहते, पाऊस मात्र दरवर्षी वेगळा. जमिनीची प्रत तीस वर्षांसाठी ठरवता येते. पावसाची एका हंगामापुरतीही ठरवता येत नाही.

म्हणून मग आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, त्याच्या किती आणे आलं ते गावागावाने ठरवायचं. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली; बोलताना आजही लोक आणेवारीच म्हणतात. पन्नास पैशांच्या खाली गेलं तर टंचाई. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, असे तिचे टप्पे. पीक कापणीचे प्रयोग होतात, तलाठी असतो, गावची समिती असते. एकोणपन्नास आणि एक्कावन्न पैशांत शेतकऱ्याला शेतात उभं राहून फरक दिसत नाही, पण कर्जवसुलीच्या नोटिशीत दिसतो.

सोलापूरची यात एक खास अडचण आहे. हा रब्बीचा जिल्हा. आपली ज्वारी, मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडीतून निवडलेलं एम-३५-१, ही सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर येते. १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात निघालं, ते याच कारणाने. महसूल खात्याच्या दप्तरात गावं 'खरीप गावं' आणि 'रब्बी गावं' अशी वाटलेली असतात, आणि दोन्हींची पैसेवारी वेगवेगळ्या महिन्यांत लागते. आता बार्शीकडे सोयाबीन आलं, तूर आणि उडीद बऱ्याच भागांत पसरले. गावात पीक खरिपाचं आणि दप्तरात गाव रब्बीचं, असं झालं की त्या गावाचं नुकसान मोजायची वेळच चुकते.

आता आपण पुन्हा त्या ५४५ मिलिमीटरकडे येऊ. दुष्काळप्रवण म्हणून राज्याच्या नकाशात सोलापूर गडद रंगाचं असतं. त्याच राज्याच्या साखरेच्या नकाशातही ते गडद रंगाचंच असतं, कारण साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा सगळ्यांत पुढे. बाहेरच्या माणसाला वाटतं यातला एक नकाशा चुकला असेल. दोन्ही बरोबर आहेत. मध्ये आहे उजनी. १९८० साली पुरं झालेलं हे धरण ११७ टीएमसीचं. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, वरचा ५३ च्या आसपास उपयुक्त. वर्तमानपत्रात टक्केवारी येते ती वरच्या उपयुक्त साठ्याची. म्हणून 'उजनी शून्य टक्के' असं छापून येतं तेव्हाही खाली त्रेसष्ट टीएमसी पाणी असतं, आणि तेही उपसलं की टक्केवारी उणे होत जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. उणे पाणी! हा आकडा समजावून सांगताना आम्हांला दर वेळी थांबावं लागतं, म्हणून आज सविस्तर सांगितलं.

तर उजनीचे कालवे आणि भीमा जिथून जातात तिथे ऊस. त्या पट्ट्याबाहेर गेलं की टँकर. आणि हा फरक जिल्ह्या-जिल्ह्यांतला नाही, एकाच तालुक्याच्या आतला आहे. माळशिरसमध्ये नीरेच्या उजव्या कालव्याखाली अकलूजकडे हिरवंगार आणि पिलीवकडे कोरडं. मंगळवेढ्याची नदीकाठची काळी जमीन ज्वारीसाठी भौगोलिक मानांकन मिळवते, आणि त्याच तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं वर्षानुवर्षं उपसा सिंचन योजनेसाठी झगडत आली आहेत. तालुक्याची सरासरी काढली की दोन्हींची मिळून एक मध्यम गोष्ट तयार होते, जी कुठल्याच गावात घडत नाही.

३१ ऑक्टोबर २०२३ ला शासनाने राज्यातले चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले. निकष २०१६ च्या दुष्काळ संहितेचे: पाऊस, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल, पेरा, मग काही गावांत प्रत्यक्ष पडताळणी. सोलापूरचे पाच तालुके त्यात होते: बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा. जरा नकाशात बघा. उजनीचं धरण आहे माढा तालुक्यात. त्याचं फुगवट्याचं पाणी पसरलं आहे करमाळ्यात. दोन्ही तालुके दुष्काळी यादीत. धरणाच्या भिंतीवरून पाहिलं तर हे विचित्र वाटेल. कालव्यापासून दहा कोस दूरच्या गावातून पाहिलं तर वाटणार नाही. उरलेल्या सहा तालुक्यांत मात्र ओरड झाली, ती साहजिक होती. कारण यादीत नाव म्हणजे जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांचं परीक्षा शुल्क माफ.

मग काही दिवसांनी शासनाने मोजण्याचं एककच बदललं. तालुका सोडून महसुली मंडळ धरलं. जून ते सप्टेंबर सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी पाऊस आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत, अशी मंडळं दुष्काळसदृश जाहीर केली. राज्यभरातली हजाराच्या आसपास मंडळं यात आली. पाऊस तोच, जो पडून गेला होता किंवा पडलाच नव्हता. शेतं तीच. रेषा लहान केली आणि लाखो माणसं दुष्काळात मोजली गेली. हे शक्य झालं कारण आधी काही वर्षं मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली होती. पूर्वी तालुक्याच्या गावी कचेरीजवळ पर्जन्यमापक असायचा, आणि त्यात पडला तो तालुक्याचा पाऊस. अर्थात मंडळातही डझनभर गावं असतात. केंद्र एका गावात, पाऊस दुसऱ्या गावात, ही तक्रार आता पीकविम्याच्या संदर्भात ऐकू येते.

एक विषय बाजूला राहिला होता तो इथेच उरकतो, भाषेचा. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत नांदतात, आणि पुष्कळ घरांत दोन-तीन भाषा बोलतात. जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात एकच शब्द लिहिला जातो. त्या रकान्याची बेरीज करून गावं वाटायची असा सीमावादाचा पाया आहे. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट भागातली गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २०२२ च्या अखेरीस वाद पुन्हा तापला तेव्हा अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले, नंतर मागे घेतले. त्यांच्या तक्रारी काय होत्या? रस्ते, पाणी, सोयी. मातृभाषेच्या रकान्यात हे कसं उतरणार?

प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी एक काम देतो. प्रत्येक जिल्ह्याचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रसिद्ध करतं. ते उघडा, आपल्या तालुक्याचा पाऊस काढा. मग आपल्या मंडळाचा काढा, आणि दोन्ही आकडे घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याकडे जा. त्याला विचारा, यातला तुमच्याकडे पडला तो कोणता. जे उत्तर मिळेल ते आम्हांला लिहून कळवा, तालुक्याच्या आणि मंडळाच्या नावासकट.