चिमणी ते एलईडी : धोकादायक दिवा परत कोणी घ्यायचा?

१/८
घरातल्या दिव्याने आग लागली, तर दोष कोणाचा? वापरणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा? सदोष दिवा बाजारातून परत मागवण्याचा अधिकार आपल्या कायद्यात यायला रॉकेल आल्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला. परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावाच्या बाजूने हा इतिहास पाहू.

२/८
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल घरोघर पोहोचले. नफ्यासाठी त्यात नाफ्था हा स्वस्त आणि चटकन पेटणारा अंश मिसळला जाई. अशा तेलाचे दिवे भडकत. १८७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रसायनज्ञ चार्ल्स चँडलर यांनी बाजारातील तेल तपासून ही भेसळ उघड केली.

३/८
मग तेलाला कसोटी लागली. किती तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते, हे मोजायचे. फ्रेडरिक एबल यांच्या बंद भांड्याच्या उपकरणाला १८७९ मध्ये ब्रिटिश कायद्याने मान्यता दिली. हिंदुस्थानच्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात ही सीमा ७६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २४ अंश सेल्सियस होती. त्याखाली पेटणारे तेल 'धोकादायक'.

४/८
बोरी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता. शिवाय मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. थंड देशात सुरक्षित ठरलेले तेल येथे वैशाखात तितके सुरक्षित राहत नाही.

५/८
दुसरा प्रश्न भांड्याचा. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील काचेआड जळे, त्याची टाकी बंद असे. ज्याला कंदील परवडत नसे, तो औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून वात घाली. ही चिमणी लवंडली की तेल सांडे आणि जवळचे लुगडे पेट घेई. तिच्यावर कोणाचेच नाव नव्हते. मग ती परत कोणी मागवायची?

६/८
श्रीलंकेतील शल्यचिकित्सक विजय गोडकुंबुरा भाजलेल्या रुग्णांवर उपचार करीत. त्यांनी सावधगिरीचा उपदेश केला नाही, बाटलीच बदलली : बसकी, जड, दोन बाजूंनी सपाट, आट्यांच्या झाकणाची. लवंडली तरी घरंगळणार नाही, तेल सांडणार नाही. १९९८ मध्ये या कामाला रोलेक्स पुरस्कार मिळाला.

७/८
आता एलईडी बल्बमध्ये तेल नाही, पण विद्युत प्रवाह नियंत्रित करणारा 'ड्रायव्हर' आहे. तो निकृष्ट असला तर तापतो. २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्यात मानकात न बसणारा माल परत मागवण्याची तरतूद आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक वस्तू परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला. ते जुलै २०२० मध्ये स्थापन झाले.

८/८
परंतु माल परत मागवायचा, तर तो कोणाचा हे कळले पाहिजे. आठवडी बाजारात बिलाविना घेतलेला निनावी बल्ब त्या जुन्या चिमणीचाच वारस आहे. कायदा गावात पोहोचतो तो वेष्टनावरच्या नावाने आणि हातातल्या पावतीने. बल्ब घेताना मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहा, पावती जपून ठेवा. इतिहासाने एवढे तरी शिकवले आहे.