लोकप्रियतेची भरती-ओहोटी : एका रॅप गायकाचे उदाहरण

‘रॅप’ हे नाव निघताच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. वस्तुतः तालावर शब्द फेकीत गाण्याची ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. बदलापूरच्या लोकलमध्ये टाळांच्या ठेक्यावर भजन म्हणणारी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील गरीब वस्त्यांत या गायनाला आजचे रूप येऊ लागले, आणि पुढे ते आपल्या गल्लीबोळांतही पोचले.

पुण्याच्या ताडीवाला रोडवर वाढलेला अल्ताफ हा तरुण त्यांपैकीच एक. त्याचा जन्म १९९९ चा. लहानपणी तो कव्वाली गाई, पुढे ‘एम. सी. स्टॅन’ या नावाने रॅप करू लागला. त्याच्या आरंभीच्या गीतांतील शिवराळपणावर टीका झाली, तेव्हा २०१९ साली त्याने पश्चात्तापाचा सूर असलेले ‘अस्तग़फिरुल्लाह’ हे गीत रचले. टीकेला गीतानेच दिलेले हे उत्तर होते. २०२० मधील ‘तडीपार’ या संग्रहाने त्याचे नाव पुण्याबाहेर नेले. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘बिग बॉस’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत प्रेक्षकांच्या मतांवर तो विजयी झाला. ३१ लाख ८० हजारांचे बक्षीस मिळाले. ही झाली भरती. परंतु पुरते पाच आठवडेही लोटले नाहीत, तोच इंदूर येथे त्याच्या गीतांतील भाषेवर आक्षेप घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याचा कार्यक्रम बंद पाडला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अशाच एका वादाची झळ आपल्या अंबरनाथलाही लागली. छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे याने राज्यातील सत्तांतरावर टीका करणारे रॅप गीत प्रसृत केले होते. त्याबद्दल त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला तो अंबरनाथ येथे. गायक कोठला आणि फिर्याद कोठली! गीत आता एका रात्रीत गावोगाव पोचते, आणि रोषही तितक्याच वेगाने.

कलावंताच्या नशिबाचे हे फेरे मात्र नवे नव्हेत. पठ्ठे बापूरावांनी कुळकर्णीपणाचे वतन सोडून तमाशाचा फड जवळ केला. त्यांच्या लावणीवर महाराष्ट्र डोलला. तथापि १९४५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले ते विपन्नावस्थेत. टाळ्या वाजविणारे हात तेव्हा कोठे होते, हा प्रश्न इतिहास आपल्याला विचारतो.

म्हणून कलावंताचा चढउतार हा निम्मा श्रोत्यांचाच इतिहास होय. अश्लीलतेला अश्लील म्हणण्याचा आपला अधिकार अबाधित आहे. परंतु गीताचे माप गीत ऐकून घ्यावे, नापसंती शब्दांनी व्यक्त करावी. व्यासपीठ उखडल्याने अभिरुची सुधारत नाही. ज्याला आपण एका महिन्यात डोक्यावर घेतो, त्याला दुसऱ्या महिन्यात पायदळी तुडविण्यापूर्वी निदान त्याचे म्हणणे पुरते ऐकावे, एवढेच मागणे.